लघवीची जळजळ, चिनी काढा आणि मु टोंगची गोष्ट

लघवी करताना आग होऊ लागली, सारखं जावंसं वाटू लागलं आणि गेल्यावर चार थेंबच आले, की आपल्याकडे म्हणतात, "उन्हाळी लागली." मग घरातली मोठी माणसं धने-जिऱ्याचं पाणी प्यायला लावतात, सब्जा भिजत घालतात, तिखट बंद करतात. दुखणं उष्णतेचं, म्हणून उपाय थंडाव्याचा. चीनमध्ये याच दुखण्याला 'रे लिन' म्हणतात. रे म्हणजे उष्ण, आणि लिन या शब्दात थेंब थेंब ठिबकण्याचा अर्थ आहे. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी एकाच आगीला जवळजवळ एकच नाव दिलं, यात मला नवल वाटत नाही. ज्याला होतं त्याला ते तसंच जाणवतं.

हा विषय आज घेण्याचं कारण असं. इकडे ब्रिटनमध्ये ओळखीच्या बायका मला एक प्रश्न वरचेवर विचारतात: "दर दोन-तीन महिन्यांनी हे होतं, दर वेळी अँटिबायोटिक, आता कंटाळा आलाय. चिनी औषधांचं दुकान जवळच आहे. तिथला काढा घेऊन बघू का? नैसर्गिकच तर आहे." मी डॉक्टर आहे ती पीएच.डी.वाली, रुग्ण तपासणारी नव्हे. पण सूक्ष्मजीवांवर काम करते, त्यामुळे 'हो' किंवा 'नको' एवढंच म्हणून गप्प बसवत नाही. या प्रश्नाचं उत्तर जरा लांबून यावं लागतं.

आधी आतमध्ये काय चालतं ते पाहू. अशा साध्या मूत्रमार्ग संसर्गात बहुतेक वेळा गुन्हेगार एकच असतो, ई. कोलाय. हा जीवाणू आपल्याच आतड्यात सुखाने राहतो. तिथून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि वर चढतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, म्हणून त्यांना हा त्रास पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. स्वच्छता नसते म्हणून हे होतं, असं सुचवणाऱ्या सासवा आणि काही डॉक्टरही मी पाहिले आहेत. तो विचार कृपया डोक्यातून काढून टाका.

वर चढलेल्या जीवाणूपुढे मोठी अडचण असते ती लघवीच्या धारेची. दर काही तासांनी पूर येणाऱ्या नदीत घर बांधायचं तर खांब रोवावे लागतात. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींवर मॅनोज नावाची साखर असते. फिमएच ती साखर घट्ट धरून ठेवतं. एवढ्यावर भागत नाही. काही जीवाणू त्या पेशींच्या आत शिरतात आणि तिथे गठ्ठ्यांनी वाढतात. उंदरांच्या मूत्राशयात हे गठ्ठे २००३ साली स्पष्ट दिसले, पुढे रुग्णांच्या लघवीत गळून आलेल्या पेशींतही त्यांचे पुरावे मिळाले. पेशीच्या आत लपलेल्या जीवाणूपर्यंत बरीच अँटिबायोटिक्स नीट पोचत नाहीत. तीन दिवसांच्या गोळ्यांनी आग थांबते, आणि महिन्याभराने तोच प्रकार पुन्हा सुरू होतो, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

आता हीच बाई चिनी वैद्याकडे गेली तर? तो लघवीचा नमुना पाठवणार नाही. तो जीभ पाहील: लाल आहे का, तिच्यावर पिवळट, चिकट थर आहे का. दोन्ही मनगटांवर नाडी पाहील. लघवीचा रंग, तहान, पोट साफ होतं का, झोप कशी, हे विचारील. लाल जीभ, पिवळा थर, जलद नाडी असेल तर निदान होईल: 'दमट उष्णता' शरीराच्या खालच्या भागात उतरली आहे. जुन्या ग्रंथांत लिनचा विचार बराच सविस्तर आहे. झांग झोंगजिंग या वैद्याने साधारण अठराशे वर्षांपूर्वी या रोगाची लक्षणं लिहून ठेवली. इसवी सन ६१० मध्ये चाओ युआनफांगने मूळ कारण सांगितलं ते असं की मूत्रपिंड दुर्बळ आणि मूत्राशयात उष्णता. इथे एक लक्षात ठेवायचं: चिनी वैद्यकातलं 'मूत्रपिंड' म्हणजे आपण सोनोग्राफीत पाहतो तो अवयव नव्हे. वाढ, प्रजनन, म्हातारपण या सगळ्याचा साठा जिथे असतो अशी ती एक संकल्पना आहे. शब्द तोच असला की आपण दोन्ही गोष्टी एकच समजतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

या जुन्या वर्गीकरणातली एक गोष्ट मला खरोखर आवडते. अचानक पेटणारा लिन आणि थकव्याबरोबर पुन्हा पुन्हा येणारा लिन हे त्यांनी वेगळे मानले. पहिल्यात उष्णता काढून टाकायची, दुसऱ्यात शरीराला बळ द्यायचं. पाळी गेल्यानंतर बायकांना हा संसर्ग वारंवार का होतो, याचं आजचं उत्तर असं आहे: इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गातले हितकारक लॅक्टोबॅसिलाय घटतात, आम्लता कमी होते आणि ई. कोलायला पाय रोवायला जागा मिळते. तिथे नुसता जीवाणू मारत राहण्यापेक्षा इस्ट्रोजेनचं मलम लावणं उपयोगी पडतं, हे १९९३ साली चाचणीतून दिसलं. म्हणजे 'हा रोग वेगळा, याला उपाय वेगळा' हे निरीक्षण बरोबरच होतं. त्यामागचं स्पष्टीकरण मात्र निराळं निघालं.

उष्ण लिनवरचं सगळ्यांत प्रसिद्ध औषध म्हणजे 'बा झेंग सान', म्हणजे साधारणपणे 'आठ सुधारकांचं चूर्ण'. सोंग राजवटीतल्या सरकारी औषधालयाच्या संग्रहात ते आहे. घटक ऐकलेत तर निम्मे ओळखीचे वाटतील. ईसबगोलाच्या भाऊबंद वनस्पतीचं बी. आपल्या अंगणातल्या अनंताचं फळ (अनंताला फळ धरतं हे आपल्याकडे फारसं कोणी पाहत नाही, कारण आपण दुहेरी फुलांची झाडं लावतो). जेष्ठमध. रेवंदचिनीचं मूळ. शंखजिरे. बागेतल्या डायंथसची एक जात, नॉटवीड नावाची एक रानटी वनस्पती, आणि आठवं 'मु टोंग', एका वेलीचं वाळलेलं खोड.

या आठव्या घटकापाशी जरा थांबू या, कारण आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलंय.

मु टोंग या नावाने जुन्या काळी जी वेल वापरत असत ती बहुधा अकेबिया. नंतर क्लेमॅटिसची खोडंही त्याच नावाने येऊ लागली, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या मोरवेलीच्या नात्यातली वेल. या दोन्हींबद्दल फारशी तक्रार नाही. पण विसाव्या शतकात ईशान्य चीनमधली तिसरीच वेल बाजारात पसरली, 'ग्वान मु टोंग'. ती अॅरिस्टोलोकिया कुळातली, आपण जिला बदकवेल म्हणतो तिच्या घराण्यातली. स्वस्त होती, मुबलक होती, चिरल्यावर दिसायलाही तशीच. १९६३ साली ती चीनच्या अधिकृत औषधकोशातच गेली. लगेच १९६४ साली चीनमधल्याच एका वैद्यकीय नियतकालिकात बातमी आली की मु टोंगची मोठी मात्रा घेतलेल्या दोघांची मूत्रपिंडं बंद पडली. ती फारशी कुणी वाचली नाही.

जगाने हे ऐकलं ते बेल्जियममुळे. १९९०च्या सुमाराला ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात गोळ्यांमध्ये 'फांग जी' नावाची चिनी मुळी घालायला सुरुवात झाली. नाव फांग जी, पण पुडीत निघाली अॅरिस्टोलोकियाची एक जात, कारण तिचंही नाव अर्धं तेच आहे. थोड्याच काळात तरुण, एरवी धडधाकट बायका निकामी मूत्रपिंडं घेऊन रुग्णालयात येऊ लागल्या. १९९३ साली त्यावरचा पहिला लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. त्यांच्यापैकी ३९ जणांनी खबरदारी म्हणून आपली निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून टाकायला संमती दिली. तपासल्यावर त्यांतल्या १८ जणांच्या मूत्रमार्गाच्या अस्तरात कर्करोग सापडला. हे २००० साली प्रसिद्ध झालं. गोळ्या बंद होऊन तेव्हा बरीच वर्षं लोटली होती.

ब्रिटनमध्ये १९९९ साली दोन स्त्रियांची अशीच हकीकत छापून आली. त्या एक्झिमासाठी चिनी काढा घेत होत्या. त्याच वर्षी इथे अॅरिस्टोलोकियावर बंदी आली. चीनने ग्वान मु टोंगची मान्यता २००३ साली काढून घेतली. तैवानात १९९७ ते २००३ या काळात सुमारे एक तृतीयांश लोकांना अॅरिस्टोलोकिक आम्ल असणाऱ्या वनस्पती लिहून दिल्या गेल्या होत्या, असं तिथल्या आरोग्य विम्याच्या नोंदींवरून काढलं आहे. त्याच नोंदींच्या आणखी एका अभ्यासात दिसलं की एकूण ६० ग्रॅमपेक्षा जास्त मु टोंग ज्यांना लिहून दिलं गेलं, त्यांच्यात मूत्रमार्गाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला होता. साठ ग्रॅम! काढ्यात दिवसाला काही ग्रॅम जातात. म्हणजे हिशेब काही आठवड्यांतच पूर्ण होतो.

हे आम्ल करतं काय? मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी ते रक्तातून आत ओढून घेतात. आपलीच विकरं त्याचं रूप बदलतात आणि ते नवं रूप डीएनएला, विशेषतः अॅडेनिन या अक्षराला, चिकटून बसतं. डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा एरवी असले अडथळे शोधून कापून टाकते, पण हा तिच्या नजरेतून बराचसा सुटतो, त्यामुळे तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. पेशी दुभागताना त्या जागी अ ऐवजी ट लिहिला जातो. कर्करोगाला आळा घालणाऱ्या टीपी५३ या जनुकात हा बदल झाला की पुढचं तुम्ही ओळखलं असेल. अ-च्या-जागी-ट ही खूण इतकी ठळक आहे की गाठीचा जनुकक्रम पाहून 'इथे अॅरिस्टोलोकिया येऊन गेली' असं बऱ्याच खात्रीने सांगता येतं. मला यात सगळ्यांत बोचतं ते हे, की ही गाठ धरते ती त्याच प्रकारच्या अस्तरात, जिथे ई. कोलाय चिकटतो. ज्या मार्गाच्या दुखण्यासाठी औषध घेतलं, त्याच मार्गाचा कर्करोग.

"पण हजार वर्षांच्या अनुभवात हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तोच महत्त्वाचा. वैद्य बाईला काढा देतो, चार दिवसांत आग थांबते, वैद्याच्या वहीत 'गुण आला' अशी नोंद होते. दहा-पंधरा वर्षांनी तिच्या लघवीतून रक्त जाऊ लागतं. तेव्हा ती दुसऱ्या गावी असेल, दुसऱ्या वैद्याकडे असेल, आणि तो त्याला 'रक्त लिन' म्हणेल. या दोन घटनांमध्ये दोरा बांधायला कुणीतरी हजारो लोकांच्या नोंदी एकत्र ठेवाव्या लागतात. अनुभवाला तासाभरात होणारी उलटी दिसते, आठवड्यातले जुलाब दिसतात. पंधरा वर्षांनंतरचं त्याला दिसत नाही. हे चिनी वैद्यांच्या हुशारीबद्दल नाही. नोंदवह्या नसत्या तर सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा दोरा आपल्यालाही सापडला नसता.

आता उलट बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एकाच पक्षाची. नुसतं रेणूंच्या पातळीवर पटलं म्हणून औषध लागू पडतं असं आमच्याकडेही नाही. वर सांगितलेली मॅनोजची गोष्ट घ्या. जीवाणू मॅनोज धरतो, तर भरपूर मॅनोज खाऊया, तो त्यालाच धरून वाहून जाईल! इतकी सुरेख कल्पना की डी-मॅनोजच्या डब्या इथे सर्रास विकल्या जातात. ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांवर सहा महिने चाचणी झाली, २०२४ साली निकाल आला. पुन्हा संसर्गाची तक्रार घेऊन गेलेल्यांचं प्रमाण मॅनोज घेणाऱ्यांत ५१ टक्के, नकली भुकटी घेणाऱ्यांत सुमारे ५६ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो इतका लहान आहे. क्रॅनबेरीला मात्र मी स्वतः बराच काळ हसत असे, आणि तिने बाजी मारली: २०२३च्या कॉक्रन आढाव्यात पन्नास अभ्यास एकत्र केल्यावर, वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेला दिसला. मेथेनामाइन हे शंभर वर्षांहून जुनं, जवळपास अडगळीत पडलेलं औषध आहे. आम्ल लघवीत ते फुटून थोडं फॉर्माल्डिहाइड तयार होतं आणि जीवाणू मरतात. २०२२ साली ब्रिटनमधल्या २४० स्त्रियांच्या चाचणीत, रोज घ्यायच्या प्रतिबंधक अँटिबायोटिकच्या तुलनेत ते फारसं कमी पडलं नाही.

आणि पाणी! दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्तीचं पाणी वर्षभर प्यायला सांगितलं. वर्षभरातल्या खेपा सरासरी ३.२ वरून १.७ वर आल्या, असं दोन गटांच्या तुलनेत दिसलं. धने-जिऱ्याच्या पाण्यात धने-जिऱ्याचा वाटा किती आणि पाण्याचा किती, हे कुणी वेगळं मोजलेलं मी वाचलं नाही, पण पैज लावायची तर मी पाण्यावर लावीन. बा झेंग सानचे अर्धे घटक लघवी वाढवणारे मानले जातात, तेही याच रांगेत बसवता येईल.

चिनी काढ्यांच्या चाचण्या झाल्याच नाहीत असंही नाही. २०१५ साली कॉक्रनने वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गावरच्या अशा चाचण्या गोळा केल्या. निकषात बसणाऱ्या सात मिळाल्या, मिळून २८२ स्त्रिया. निकाल काढ्यांच्या बाजूने झुकलेले होते, पण चाचण्या इतक्या लहान आणि सैल होत्या की त्यांच्यावर भार टाकता येत नाही. मला हे 'काढे निरुपयोगी' असं वाटत नाही, 'अजून नीट मोजलेलं नाही' असं वाटतं. नीट मोजायचं तर आधी पुडीत नेमकी कुठली वनस्पती आहे ते पक्कं हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, उत्तर असं. नुसती जळजळ आणि सारखी लघवी असेल, तुम्ही धडधाकट असाल, गरोदर नसाल, तर एक-दोन दिवस पाणी आणि वेदनाशामक यांवर थांबायचं का हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. जर्मनीत ४९४ स्त्रियांच्या चाचणीत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या. मात्र त्यांचा त्रास जास्त होता, आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचे प्रकार त्या गटात पाच, तर अँटिबायोटिकच्या गटात एक. इंग्लंडमध्ये राहत असाल तर १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांना साध्या संसर्गासाठी २०२४पासून थेट फार्मसीतही औषध मिळतं. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या यांपैकी काही असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे 'उष्णता उतरते का बघू' म्हणून कुठलाही काढा करत बसू नका. चढलेला ई. कोलाय रक्तात शिरला तर तासांचा प्रश्न असतो. गरोदरपण, मधुमेह, पुरुष आणि लहान मुलं यांच्या बाबतीत थांबायचंच नाही. वारंवार होत असेल तर लघवीचा कल्चर करून घ्या आणि मेथेनामाइन किंवा (पाळी गेली असल्यास) इस्ट्रोजेनच्या मलमाबद्दल आपणहून विचारा. हे पर्याय दर वेळी तुमच्यापुढे ठेवले जातीलच असं नाही.

काढा घ्यायचाच असेल तर दुकानदाराला 'नैसर्गिक आहे का' हे विचारू नका. वनस्पतीचं लॅटिन नाव विचारा, चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि अॅरिस्टोलोकिया दिसलं तर पुडी परत करा. नाव सांगता येत नसेल तरीही परत करा.

हाच नियम भारतातून बॅगेत भरून आणलेल्या पुड्यांनाही लावा. मूतखड्यावर आणि लघवीच्या जळजळीवर आपल्याकडे 'पाषाणभेद' देतात. या एका नावाखाली वेगवेगळ्या प्रदेशांत हिमालयातली बर्जेनिया, कपूरमाधुरी, अगदी कुंडीतली पानफुटीसुद्धा विकली जाते. या तिन्हींत अॅरिस्टोलोकिक आम्ल असल्याचं माझ्या वाचनात नाही, पण एका नावाची अनेक झाडं हा प्रकार तोच. आणि अॅरिस्टोलोकिया आपल्या मातीतही आहे: ईश्वरी, काही भागांत जिला सापसन म्हणतात. सर्पदंशावर ती पूर्वापार वापरत आले आहेत. तिच्यातही तेच आम्ल असतं. क्रिमसन रोज फुलपाखराच्या अळ्या तिची पानं खातात आणि ते विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्या फुलपाखरांच्या वाटेला सहसा जात नाहीत.